पावणेदहाच्या आधी

शुक्रवार, 30 ऑगस्ट 2019. पोळा. खानदेशात या दिवशी बैलांना जू नाही. सोमवारी गणपती बसायचे होते.

शनिवार, 31 ऑगस्ट, सकाळ. शिरपूर तालुक्यात वाघाडीजवळच्या रुमित केमसिंथ या रासायनिक कारखान्यात शंभरेक कामगार हजर.

9.45. स्फोट. त्यापाठोपाठ आणखी स्फोट, मग आग. हादरा कारखान्याच्या भिंतीबाहेर दूरवर पोचला.

दुपार. पोलीस, अग्निशमन दल आणि आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान ढिगाऱ्यात माणसं शोधत होते. जखमींची रीघ शिरपूरच्या रुग्णालयाकडे. अशा वेळी डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, जळलं काय? भाजलेलं डोळ्यांना दिसतं, फुप्फुसात गेलेलं दिसत नाही. क्लोरीनयुक्त द्रावक जळाले तर धुरात हायड्रोजन क्लोराइड येतो, तो लगेच झोंबतो. नायट्रोजनची ऑक्साइडं त्याहून दगाबाज. माणूस बरा वाटून घरी जातो आणि काही तासांनी त्याच्या फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून धूर प्यायलेल्या माणसाला ‘काही झालं नाही’ म्हणून परत पाठवू नये, देखरेखीखाली ठेवावं.

संध्याकाळ. मृतांचा आकडा तेरा. साठाहून अधिक जखमी. मृतांच्या वारसांना पाच लाखांची सरकारी मदत जाहीर.

स्फोट मुदत देत नाही. वायुगळती कधी कधी देते, आणि दिलेली मुदत कशी वाया जाते हे पाहायला भोपाळची रात्र आहे. 2 डिसेंबर 1984, साधारण साडेअकरा. युनियन कार्बाइडच्या कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. गळती सापडली, पण चहा झाल्यावर बघू असं ठरलं. चहा सव्वाबाराला. 12.40 ला 610 क्रमांकाच्या टाकीतला दाब आणि तापमान झपाट्याने चढले. एकच्या सुमारास वस्तीला ऐकू जाणारा भोंगा वाजला आणि थोड्याच वेळात बंद केला गेला. तो पुन्हा नीट वाजला तेव्हा दोन वाजून गेले होते. तोवर झोपड्यांतली माणसं वाट फुटेल तिकडे पळत होती, पुष्कळशी वायूबरोबरच. मला त्या चहापेक्षा तो बंद केलेला भोंगा जास्त अक्षम्य वाटतो.

त्या रात्रीनंतर कायदे झाले. कारखाने अधिनियमात 1987 साली 41-ब हे कलम आलं. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्याने त्यातले धोके कामगारांनाच नव्हे, आसपासच्या लोकांनाही सांगायचे. 1996 च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट आणला आणि वर्षातून एकदा तरी पूर्ण रंगीत तालीम बंधनकारक केली. कागद भक्कम आहे. तरी 17 एप्रिल 2024 ला जळगाव एमआयडीसीतला रासायनिक कारखाना पेटला आणि तिथेही कामगार गेले.

तेव्हा खानदेशातल्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. धूर दिसला तर वाऱ्याच्या दिशेने पळू नका, उलटही धावू नका. वाऱ्याला आडवं निघा. निघणं शक्य नसेल तर घरात शिरा, दारं-खिडक्या लावा, फटींत ओली फडकी कोंबा, पंखा-कूलर बंद करा. अंगावर रसायन उडालं तर कपडे आधी उतरवा, डोळे किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. बघ्यांच्या गर्दीत मोबाइल घेऊन उभं राहणं हा तर निव्वळ आत्मघात.

आणि दुसरी गोष्ट आजच करण्यासारखी. पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा: आपल्या शेजारच्या कारखान्यात कोणती रसायनं साठवली आहेत, भोंगा वाजला तर आपण कुठे जायचं, आणि मागची रंगीत तालीम कोणत्या तारखेला झाली? उत्तर लेखी मागा.