छत कोणाचं, खर्च कोणाचा?

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एक मावशी लेकीकडं शहरात राहायला गेल्या आणि चारच दिवसांत पाचोडला परत आल्या. लेकीचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. गच्चीतून पाणी मुरलं आणि छताचा गिलावा भसकन पलंगावर पडला. नातू बाजूला खेळत होता म्हणून वाचला. सोसायटीच्या सचिवांनी सांगितलं, "फ्लॅट तुमचा, छत तुमचं, खर्चही तुमचाच." त्या फ्लॅटसाठी मावशींनी पाटल्या मोडल्या होत्या. त्यांनी आम्हाला विचारलं, "खरंच असं असतं का गं?" आम्हाला उत्तर येत नव्हतं. म्हणून शोधायला लागलो, आणि शोधता शोधता बरंच मागं गेलो.

आपल्याकडं हा प्रश्न जुनाच आहे. माळवदाच्या घरावर उन्हाळ्यात पांढरी माती टाकायची, पावसाआधी ती चोपून घ्यायची, हे काम ज्याचं घर त्याचं. पण दोन भावांच्या मधली सामाईक भिंत पडली की दोन्ही घरांतले हात लागायचे. लिहिलेलं काही नसे. भांडण झालं तर चार जाणती माणसं ओट्यावर बसून निवाडा करायची. तो निवाडा बायांना विचारून होत नसे, हेही सांगायला हवं. भिंत सारवायची मात्र आपणच.

मुंबईत गोष्ट निराळी होती. तिथं चाळीचा मालक एक आणि भाडेकरू शंभर. दुरुस्ती मालकानं करायची. पण १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. गरिबाला त्याचा मोठा आधार झाला, पण चार-पाच रुपये भाड्यात मालक कशाला डागडुजी करतो? जिने कुजले, तुळया वाकल्या, माणसं दबून मेली. शेवटी १९६९ मध्ये सरकारनं कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमलं आणि दुरुस्तीसाठी उपकर बसवला. तेव्हा अशा उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. मालक, भाडेकरू आणि सरकार अशी तिघांत जबाबदारी वाटली गेली, आणि तिघांनीही एकमेकांकडं बोट दाखवायची सोय झाली.

दुसरी वाट त्याच मुंबईत आधीच निघाली होती. १९१५ मध्ये गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानं सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. तिथं मालक म्हणून बोट दाखवायला दुसरं कोणी नव्हतंच. सगळे मिळून मालक, म्हणून सगळे मिळून दुरुस्ती. पुढं राज्याचा सहकारी संस्थांचा कायदा १९६० साली आला, आणि अशा संस्थांना उपविधी, म्हणजे घरगुती नियमांची वही, ठेवणं भाग पडलं. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर त्या वहीत आहे.

२०१४ च्या आदर्श उपविधींत स्पष्ट लिहिलंय. बाहेरच्या भिंती, जिने, गच्ची, कठडे, लिफ्ट, पाण्याच्या बाहेरच्या नळवाहिन्या, ड्रेनेज, या सगळ्यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चानं. आणि पुढचं तर जणू मावशींसाठीच लिहिलंय: गच्चीतून पावसाचं पाणी गळून वरच्या मजल्याच्या छताचं आणि गिलाव्याचं जे नुकसान होईल, तेही संस्थेनंच दुरुस्त करायचं. घराच्या आतलं काम, आतले नळ, फरशा, रंग, हे मात्र सभासदाकडं. सचिवांनी ती वही उघडलीच नसावी, किंवा उघडून मिटली असावी.

पैसा कुठून आणायचा तेही ठरलेलं आहे. दुरुस्ती निधीला फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडाला किमान पाव टक्का. बांधकाम खर्च आठ लाख धरला तर वर्षाला सहा हजार आणि दोन हजार. हे पैसे सभासद महिन्याच्या बिलात भरतातच. मग गच्ची गळायला लागल्यावर ते कुठं जातात, हे सर्वसाधारण सभेत विचारायचं असतं.

आता मोठ्या नुकसानीचं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या पिढीतल्या मराठवाड्यातल्या बाया विसरणार नाहीत. गणपती बुडवून माणसं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती, वर जड माळवदं, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो गेले. ५२ गावं दुसऱ्या जागी वसवावी लागली, जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातून मदत आली. आम्हाला त्यातलं एक खटकतं. माणसं सरकारच्या यादीकडं बघत बसली, कारण हक्कानं मागावं असा विमा खेड्यातल्या घराचा कोण काढत होतं?

शहरातल्या सोसायटीला मात्र उपविधी सांगतात की इमारतीचा आग आणि भूकंप यांचा विमा काढलाच पाहिजे. हप्ता फ्लॅटच्या बांधीव क्षेत्रफळाप्रमाणं वाटायचा. खालच्या दुकानदारानं धोक्याचा माल ठेवल्यामुळं हप्ता वाढला, तर वाढीव पैसे त्या दुकानदाराकडून. हा नियम आम्हाला फार आवडला. पण हा विमा झाला इमारतीचा. तुमचं कपाट, गादी, फ्रीज त्यात येईलच असं नाही. त्यासाठी घरच्यांनी स्वतःचा विमा काढायचा. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची ठरावीक पॉलिसी मिळते. तिच्यात आग, भूकंप, पूर, वादळ एकत्र येतात, आणि घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं.

इमारतीवर 'अपार्टमेंट' अशी पाटी असली म्हणजे तिला वेगळा कायदा लागतो असं नाही. कागद बघावा लागतो. घोषणापत्र नोंदवलेलं असेल तर १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा लागतो, आणि तो जरा कडक आहे. इमारत पडली किंवा मोठं नुकसान झालं आणि ६० दिवसांच्या आत मालकांच्या संघटनेनं पुन्हा बांधायचं ठरवलं नाही, तर सगळी मालमत्ता सगळ्यांची सामाईक होते. मग कोणीही एक मालक वाटणीचा दावा लावू शकतो. विक्रीचे आणि विम्याचे पैसे एकत्र करून ज्याच्या त्याच्या हिश्श्याच्या टक्क्यांनी वाटले जातात. दुखवट्यात, दवाखान्यात, माहेरी-सासरी धावण्यात ६० दिवस कधी सरतात कळत नाही.

मावशींच्या लेकीची सोसायटी सहकारीच निघाली. आम्ही चौघी बसून अर्ज लिहिला: तारीख, पडलेल्या गिलाव्याचे फोटो, उपविधींचा तो परिच्छेद, आणि पोच दिल्याची सही घ्यायची. अर्ज जावयाच्या नावानं गेला, कारण फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर होता. लेक सभेला गेली तर तिला बोलू दिलं नाही, सभासद नाही म्हणून. आता तिनं सहयोगी सभासदाचा अर्ज केलाय. गच्चीचं काम दिवाळीनंतर सुरू करायचं सोसायटीनं कबूल केलंय, आणि मावशी म्हणतात, काम सुरू होईल त्या दिवशी त्या स्वतः गच्चीवर जाऊन बसणार आहेत.