बीडची नोंद, हैदराबादचे कपाट

१/ आपली माहिती आपल्या ताब्यात असावी, ही मागणी संगणकयुगातली मानली जाते. बीड जिल्ह्याचा इतिहास सांगतो, की हा प्रश्न कागदाच्या काळापासूनचा आहे.

२/ जुन्या दख्खनमध्ये वतनाची सनद वतनदाराच्या घरी असे आणि तिची नोंद सरकारी दप्तरात. तंटा उद्भवला, की दोन्ही पक्ष आपापले कागद घेऊन गोतसभेपुढे उभे राहत. दप्तर जळाले तरी घरची प्रत उरे. घरच्या कागदावर संशय आला, तर दप्तर साक्ष देई. परंतु ही सोय वतनदारांची होती. सामान्य रयतेच्या घरी असा कागद क्वचितच असे.

३/ बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पहिल्या सालारजंगाने १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. १८८१ मध्ये संस्थानाची पहिली जनगणना झाली. रयत मोजली गेली. नोंदीची प्रत मात्र रयतेच्या हाती आली नाही.

४/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान संपले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. माणसे व जमिनी नव्या राज्यात आल्या. जुन्या दप्तराचा काही भाग हैदराबादेतच राहिला.

५/ याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. जातीच्या दाखल्यासाठी २००१ चा महाराष्ट्राचा कायदा पुराव्याचा भार अर्जदारावर टाकतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. म्हणजे नोंद सरकारने ठेवायची आणि शोधायची मात्र नागरिकाने.

६/ ७ सप्टेंबर २०२३ रोजी मराठवाड्यातील कुणबी नोंदींसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. शोध हैदराबादेपर्यंत पोहोचला. कागद मोडीत वा उर्दूत असल्याने जाणकार लागले. पणजोबांविषयीचा कागद पणतवाला वाचताही येईना!

७/ १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. तलाठ्याच्या कार्यालयातील खेटे कमी झाले. तरीही मूळ नोंद सरकारी सर्व्हरवरच असते. छायाचित्रे, पत्रे आणि हिशेब तर खासगी कंपन्यांच्या सर्व्हरवर गेले आहेत.

८/ वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा ‘सॉलिड’ प्रकल्प याच्या उलट रचना सुचवतो. प्रत्येकाची माहिती त्याच्या स्वतःच्या ‘पॉड’मध्ये राहील, हा पॉड घरच्या सर्व्हरवरही ठेवता येईल. ॲपने दारात येऊन परवानगी मागायची आणि मालकाला ती कधीही काढून घेता येईल. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती, दुरुस्ती आणि माहिती पुसण्याचे हक्क देतो. साठवण मात्र इतरांकडेच राहू शकते.

९/ केवळ घरची प्रत पुरत नाही, कारण तिच्या खरेपणाला साक्षीदार लागतो. केवळ सरकारी प्रतही पुरत नाही, कारण सरहद्द बदलली की ती परराज्यात जाते. जुन्या सनदेला या दोन्ही आधारांचे बळ होते. ते वतनदारापुरते न राहता प्रत्येक नागरिकाला मिळावे, हाच माहितीच्या मालकीचा खरा अर्थ आहे.