पोलादाचा भाव कोणी ठरवावा?

धरमपेठेत जुने बंगले पाडून त्या जागी फ्लॅट स्कीम उभ्या राहत आहेत. या बांधकामांचा हिशेब मांडणाऱ्यांत एक मत पक्के रुजले आहे: सळईचा भाव सरकारने बांधून द्यावा. नागपूरचे खासदार व केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१च्या प्रारंभी पोलाद-सिमेंट उत्पादकांवर संगनमताचा आरोप करून नियामकाचा विचार बोलून दाखवला. तेव्हापासून या मताला वजन आले.

मत पोरकट नाही. मोठे उत्पादक मोजके आहेत. भाव सगळीकडे एकदम चढतो आणि कंत्राट मात्र जुन्या दराने घेतलेले असते. विजेचे दर आयोग ठरवतो, मग पोलादाचे का नकोत? प्रश्न रास्त आहे. त्यावर सुचवलेला उपाय मात्र घातक आहे.

पहिली साक्ष इतिहासाची. १९९२पर्यंत प्रमुख कारखान्यांच्या पोलादाचा भाव आणि वाटप सरकारी नियंत्रणाखालीच होते. जोडीला वाहतूक खर्चाचे समानीकरण होते. अंतर कितीही असो, रेल्वेने पोचलेल्या मालाचा भाव देशभर एकच. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९मध्ये पेटली. नागपूर तिथून तीनशे किलोमीटरच्या आत आहे, तरी इथल्या कारखानदाराला मुंबईकराहून स्वस्त पोलाद मिळू शकत नव्हते. भूगोलाने विदर्भाला जे दिले, ते सरकारी दरपत्रकाने काढून घेतले. ते दरपत्रक परत मागायला विदर्भानेच पुढे व्हावे?

दुसरी साक्ष सिमेंटची. त्याचा भाव बांधलेला होता, वाटप कोट्याने होते. त्या कोट्याचा विश्वस्त संस्थांना मिळालेल्या देणग्यांशी संबंध मुंबई उच्च न्यायालयाने जोडला आणि जानेवारी १९८२मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पद सोडावे लागले. दोष एका व्यक्तीवर टाकून सुटका होत नाही. बांधलेला भाव आणि बाजारभाव यांतली तफावत ज्याच्या सहीने मिळते, त्याच्या दारी रांग लागणारच.

आता विजेचा दाखला. घरात येणारी तार एकच असते, म्हणून तिथे आयोग हवा. पोलादाचे तसे नाही. स्वतःच्या खाणीतले खनिज वितळवणारा बडा कारखाना आणि भंगार, स्पंज आयर्न विकत घेऊन विजेच्या भट्टीवर सळई काढणारा जालन्याचा उद्योजक यांचा उत्पादनखर्च एक कसा असेल? नियामक कोणाचा खर्च प्रमाण मानणार? बड्याचा मानला तर जालना बुडेल. जालन्याचा मानला तर बड्याला घबाड मिळेल. संगनमत मोडायला आलेला नियामक स्पर्धकच संपवील.

‘भाव बांधू नका, निर्यात तरी रोखा,’ असे कोणी म्हणेल. तेही करून झाले आहे. मे २०२२मध्ये अनेक पोलादी उत्पादनांवर १५ टक्के निर्यात शुल्क लागले. भाव उतरले, हे खरे. पण त्याच काळात जगभरातही ते उतरत होते. वर्षभरात तयार पोलादाची निर्यात सुमारे १३५ लाख टनांवरून ६७ लाख टनांवर आली आणि नोव्हेंबरात सरकारने शुल्क मागे घेतले. सहा महिन्यांत मागे घ्यावे लागणारे धोरण कोणता कारखाना उभारायला धीर देईल?

मग संगनमत सोसायचे का? मुळीच नाही. २०१२मध्ये स्पर्धा आयोगाने ११ सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. त्या दंडाचा वाद वर्षानुवर्षे अपिलांत अडकला, हे दुखणे खरे आहे. म्हणून आयोगाला मनुष्यबळ द्या आणि निकालाला मुदत घाला. सरकारी कंत्राटांत भावफरकाचे कलम सक्तीचे करा. आणि एप्रिल २०२५मध्ये आयात सपाट पोलादावर १२ टक्के संरक्षक शुल्क बसवणाऱ्या सरकारला आधी जाब विचारा: एका हाताने भाव चढवणाऱ्याकडे दुसऱ्या हाताने तो उतरवण्याचा अधिकार का द्यावा?

निवाडा वाचकांनी करावा. संगनमत हा गुन्हा आहे. त्याला शिक्षा हवी. भाव हा गुन्हा नाही.