अंबरची नहर, बागा आणि नान



दिवाळी आटोपली की शाळाशाळांतून सहलींचे बेत सुरू होतात. अंकुशनगरच्या परिसरातल्या मुलांची पहिली सहल बहुधा ठरलेलीच असते. पाचोड, आडूळ मागे टाकीत गाडी औरंगाबादला पोहोचते. २०२३ पासून या शहराचे सरकारी नाव छत्रपती संभाजीनगर असे आहे. इतिहासाबद्दल बोलताना मात्र त्या त्या काळचे नाव घेतलेले बरे, म्हणून मी आज तसेच करणार आहे. मुले बीबीका मकबरा पाहतात, पाणचक्कीच्या हौदातले मासे पाहतात आणि भूक लागली म्हणून ओरडू लागतात. गुरुजी बिचारे हजेरी घेण्यातच दमलेले असतात. या सगळ्यात शहराची जी खरी गोष्ट आहे ती पाहावयाची राहून जाते, कारण ती जमिनीखाली आहे.

या शहराचे मूळ नाव खडकी. नावातच जमिनीची जात आली. जवळून वाहते ती खाम नदी, आणि ती काही गोदावरी नव्हे. उन्हाळ्यात तिच्या भरवशावर एक मोठे गाव जगणेही अवघड. अशा ठिकाणी १६१० साली मलिक अंबराने निजामशाहीची राजधानी वसविली. मलिक अंबर मूळचा हबशी, म्हणजे आफ्रिकेतल्या इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत बदलत दख्खनमध्ये आला आणि स्वतःच्या कर्तबगारीवर निजामशाहीचा कारभारी झाला. मालोजीराजे आणि शहाजीराजे यांनी ज्या निजामशाहीची चाकरी केली, तिचा गाडा पुढे हाच माणूस हाकीत होता. गनिमी काव्याने त्याने मोगलांना पुरते जेरीस आणले, आणि जमीनमहसुलाची त्याने लावलेली पद्धत पुष्कळ वर्षे लोकांच्या तोंडी राहिली.

१६१६ साली आपल्याच जालना जिल्ह्यातल्या रोषणगावाजवळ मोगलांनी अंबराचा मोठा पराभव केला. विजयी फौज तशीच खडकीवर गेली आणि तिने नव्या राजधानीची राखरांगोळी केली. सहा वर्षांचे शहर! दुसरा कोणी असता तर जागाच बदलली असती. अंबराने तेच गाव पुन्हा उभे केले, आणि १६१७ च्या सुमारास त्याच्यासाठी पाण्याची कायमची सोय केली. तीच ही नहर-ए-अंबरी.

आता नहर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे जायकवाडीचा डावा कालवा येईल. रुंद, उघडा, काठावर बाभळी असलेला. ही नहर तशी नव्हे, बरं का. शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत. पावसाचे पाणी त्या डोंगरांत मुरते आणि पायथ्याच्या जमिनीतून झिरपत राहते. तुमच्या विहिरीला जो झरा लागतो, तोच हा झिरपा. अंबराच्या कारागिरांनी पायथ्याशी खोल विहिरी घेतल्या आणि त्या तळाशी भुयाराने एकमेकींना जोडल्या. झिरपलेले पाणी भुयारात उतरते आणि अगदी बेताच्या उताराने शहराकडे चालू लागते. वर झाकण असल्यामुळे उन्हाने आटत नाही, गुराढोरांनी घाण होत नाही. ठराविक अंतरावर जमिनीवर तोंडे ठेवली होती, त्यातून माणूस उतरून गाळ काढी. इराणात अशी भुयारे फार प्राचीन काळापासून होती. ती विद्या इथल्या खडकात उतरविली हे अंबराचे शहाणपण.

शहराजवळ आल्यावर पाणी खापराच्या नळांतून खेळवीत. मध्येच एखादा सखल भाग आला तर? तिथे त्यांनी उंच मनोरे बांधले. नळातले पाणी खाली उतरते, पुन्हा मनोऱ्यात चढते, कोंडलेली हवा वरून निघून जाते आणि पाणी पुढे सरकते. हे गूढ वाटत असेल तर गवंड्याकडे पाहा. घराची पातळी काढताना तो पाणी भरलेली पारदर्शक नळी धरतो. मधली नळी जमिनीवर कितीही लोळली, तरी दोन्ही टोकांचे पाणी एकाच उंचीवर येऊन उभे राहते. तोच नियम. शिक्षकांनी वर्गात ही नळी एकदा जरूर दाखवावी, मग मुलांना मनोरा आपोआप कळतो.

अंबर १६२६ साली वारला. पुढे निजामशाही बुडाली, शहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला, आणि १६५३ मध्ये दुसऱ्यांदा आला तेव्हा शहराला त्याचे नाव मिळाले. मोगलांना बागांचा फार शौक. पण बाग लावावयाची तर आधी पाणी हवे, आणि पाणी कोठून आणावे हे खडकीने त्यांना दाखवूनच ठेवले होते. दिल्ली दरवाजाजवळ आज हिमायतबाग आहे ती त्याच काळातली. तेथे सध्या कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे, तेव्हा शेतकरी मंडळींनी कलमांच्या निमित्ताने तरी तिकडे फेरी मारावी. मकबरा आहे तोही एका बागेतच. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ साली वारली, तिची ही कबर. चारी बाजूंनी वाफे, मधून सरळ पाट, पाटात कारंजी. लोक ताजमहालाशी तुलना करून नाके मुरडतात. मला ही तुलना मुळी पसंतच नाही. या बांधकामाच्या शिल्पकाराचे नाव अताउल्ला आणि अभियंत्याचे हंसपतराय, अशी दोन्ही नावे तिथल्या दारावर कोरलेली आहेत. एवढ्या जुन्या इमारतीवर कारागिरांची नावे सापडणे ही काय लहान गोष्ट झाली?

पाणचक्की त्यानंतरची. बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांच्या दर्ग्याजवळ, १७४४ च्या सुमारास, तुर्कताजखान नावाच्या सरदाराने ती उभारली असे सांगतात. डोंगराकडून बंद नळाने आलेले पाणी उंच भिंतीवर चढते, तेथून हौदात कोसळते, आणि त्याच पाण्याच्या जोराने खालचे चाक फिरून वरचे जाते फिरते. बैल नाही, माणूस नाही. दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांना आणि वाटसरूंना त्या पिठाची भाकरी मिळे. हौदाखाली एक मोठे दालन आहे आणि हौदाचा तळ हेच त्याचे छत. उन्हाळ्यात तेथे जाऊन उभे राहा, म्हणजे गारवा कशाला म्हणतात ते कळेल.

पाण्याला असे वर चढावयाला लावण्याची युक्ती त्याच सुमारास फार दूर, जपानातही कोणी करीत होते. जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडे कानाझावा नावाचे जुने शहर आहे. तेथे माएदा घराण्याची सत्ता होती. १६३१ साली तिथला किल्ला आणि गाव आगीत जळाले. लगेच दुसऱ्या वर्षी, १६३२ मध्ये, वरच्या अंगाला नदीवरून तात्सुमी नावाचा कालवा आणण्यात आला. तो सुमारे ११ किलोमीटरचा असून त्यातला बराच भाग बोगद्यातून जातो. पुढे किल्ला आणि टेकडी यांच्यामधला सखल भाग ओलांडून पाणी किल्ल्यात चढविले ते बंद नळांनी, आपल्या गवंड्याच्याच नियमाने. खडकी १६१६ मध्ये जळाली आणि कानाझावा १६३१ मध्ये. दोघांनीही जळाल्यावर आधी पाणी आणले. एकाला दुसऱ्याची वार्ताही नव्हती.

त्या कालव्याच्या पाण्यावर तेथे केनरोकुएन नावाची बाग फुलली. १८७४ साली ती सर्व लोकांना खुली झाली. वरच्या तळ्यातले पाणी नुसत्या उंचीच्या दाबाने खाली कारंजे उडवते, यंत्र नाही. हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने फांद्या मोडू नयेत म्हणून माळी पाइनच्या झाडांना दोरांनी वर बांधून ठेवतात. शहराच्या जुन्या बाजारात समुद्राचे खेकडे, मासे आणि आसपासची भाजी येते, आणि बदकाचे मांस पीठ लावून भाज्यांबरोबर शिजवलेला जिबुनी हा तिथला घरोघरचा मानाचा पदार्थ. पाहुणे बागेइतकेच या खाण्यासाठीही येतात.

मग आपल्या शहराचा मानाचा पदार्थ कोणता? नान खलिया. खलिया म्हणजे मसाल्याचा मटणाचा पातळ रस्सा, आणि नान म्हणजे तंदुरीच्या भिंतीला चिकटवून भाजलेली हळदीच्या रंगाची जाड, मऊ रोटी. लग्नाकार्यात दस्तरखान अंथरून शेकडो माणसांना तो एकाच वेळी वाढतात. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला आणली तेव्हा लष्कराच्या भटारखान्याबरोबर हा पदार्थ आला, अशी समजूत आहे. मोठ्या जमावासाठी रांधण्याची ती रीत लष्करी असेल, हे पटते. पण आज त्यात पडणारी लाल मिरची पोर्तुगीजांच्या आधी या देशात नव्हती, तेव्हा तुघलकाच्या शिपायांनी खाल्ला तो खलिया निराळाच असणार. माळकरी मंडळींनी वाईट वाटून घेऊ नये. उडदाची इमरती आहे, दौलताबादकडची सीताफळे आणि पेरू आहेत.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. कानाझावाचा कालवा आजही वाहतो. आपली नहर ठिकठिकाणी फुटली, बुजली, तिच्या अंगावर वस्ती चढली. शहर आज पैठणच्या नाथसागरातून पंप लावून, वीज जाळून पाणी वर आणते आणि तरीही नळाची वाट पाहत बसते. एवढ्या वाढलेल्या शहराला अंबरची नहर पुरली नसती, हे मलाही समजते. पण तिची तोंडे बुजविताना आपण काय बुजवितो आहोत, हे विचारावयाला कोणी उभे राहिले असते तर बरे झाले असते. आपल्या जालन्यातही जमशेदखानाने मोती तलाव बांधून जमिनीखालच्या नळांनी गावात पाणी खेळविले होते. ते नळ कोणत्या गल्लीखालून गेले, हे सांगणारी म्हातारी माणसे अजून असतील. मुलांना वही-पेन्सिल देऊन त्यांच्याकडे पाठवा.

आणि सहल काढाल तेव्हा क्रम थोडा बदला. सकाळच्या उन्हात आधी नहरीचा एखादा मनोरा गाठा, नंतर पाणचक्की, मग हिमायतबाग, आणि मकबरा सगळ्यांत शेवटी. तोवर मुलांना पाणी कुठून आले ते ठाऊक झालेले असेल. संध्याकाळी परतताना जुन्या शहरातल्या भट्टीवरून ताजे नान बांधून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबरही ते छान लागतात.