शिकलगार : एका आडनावाच्या वाटा

आम्ही मनमाडची माणसे गाड्यांच्या वेळेवर जगतो. कुणाची पाळी किती वाजता संपते, हे घड्याळाआधी रुळांना कळते. मुंबई-भुसावळचा मोठा रस्ता गावातून जातो. 1878 साली दौंडकडची वाट त्याला जोडली गेली आणि 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यातून गोदावरी खोऱ्याची लहान गाडी इथपर्यंत आली. त्यामुळे कोल्हापूर, मिरज, साताऱ्याचा माणूस आणि नांदेडचा माणूस एकाच फलाटावर चहा पितो. गावात गुप्तसर साहिब गुरुद्वारा आहे. नांदेडच्या हुजूर साहिबला निघालेले शीख यात्रेकरू इथे हमखास दिसतात.

हे सांगायचे कारण एक आडनाव. आमच्या नाशिक-खानदेशाकडे ते विरळाच. काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यात सांगलीकडचे एक कुटुंब राहायला आले. आडनाव शिकलगार. मुलगा बारावी झाला आणि जातीचा दाखला काढायची वेळ आली. बिरादरीतला जाणता म्हणून आम्हालाही कचेरीत सोबत नेले. समोरच्या कारकुनाने अर्ज वाचला, मुलाचे नाव वाचले आणि चष्म्यावरून पाहत म्हणाला, "शिकलगार तर सरदारजी असतात. तुम्ही मुसलमान कसे?"

मुलाच्या वडिलांना उत्तर सुचेना. खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हालाही सुचले नाही. आम्ही एवढेच म्हणालो, "साहेब, हे पिढ्यान्‌पिढ्या शिकलगारच आहेत." पिढ्यांचा पुरावा तोंडी चालत नाही. नंतर आम्ही या आडनावाच्या मागे लागलो, ते त्या प्रश्नाचे देणे लागत होतो म्हणून.

शब्दापासून सुरुवात करू. अरबीत 'सैकल' म्हणजे धातूला दिलेली चकाकी, जिल्हई. फारसीतल्या 'गर' या प्रत्ययाने ते काम करणारा तो सैकलगर. मराठीने हा शब्द आपल्या जिभेवर घोळवून शिकल आणि शिकलगार केला. जुन्या मराठीत हत्याराला 'शिकल करणे' हा सरळ वापरातला शब्द होता आणि एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थच्या कोशातही तो आला. म्हणजे या आडनावात ना गाव आहे, ना कुळ, ना धर्म. त्यात फक्त हाताचे काम आहे. अत्तार, तांबोळी, बागवान, मणेर, पिंजारी, नालबंद यांच्या रांगेत बसणारे हे नाव. आपल्या मराठी मुसलमानांची निम्मी कहाणी अशा कामांच्या नावांतच साठलेली आहे.

शिकलगाराचे काम काय होते? लोहाराने तलवार घडवली की ती लढण्याजोगी होत नसे. पाते घासायचे, धार काढायची, गंज उतरवायचा, पाण्यासारखे चकचकीत करायचे, हे शिकलगाराकडे. कुरुंदाच्या दगडाची भुकटी लाखेत मिसळून सहाणेचे चाक बनवायचे, चामड्याच्या वादीने ते फिरवायचे आणि पाते हलक्या हाताने त्याला लावायचे. हात जड पडला तर पाते तापून धार मरते. ज्या राज्यात शिलेखाना होता, तिथे शिकलगार लागायचाच. विजापूर असो, अहमदनगरची निजामशाही असो, मोगल असोत की मराठे, गंज कुणाच्याच तलवारीला सोडत नव्हता. म्हणून दख्खनच्या पेठांत आणि किल्ल्यांच्या पायथ्याशी शिकलगारांची घरे वसली. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये मुसलमान कारागिरांत सैकलगरांची नोंद आहे. आज सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर या पट्ट्यात शिकलगार मुसलमान आहेत. ते मराठी बोलतात आणि घरात दख्खनी.

आता कारकुनाच्या सरदारजीकडे येऊ. तो खोटे बोलत नव्हता. त्याला अर्धेच ठाऊक होते. सहावे गुरू हरगोबिंद यांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शिखांच्या हाती शस्त्र दिले. दहावे गुरू गोविंदसिंग यांनी 1699 मध्ये खालसा पंथ उभा केला. शस्त्र आले तसे शस्त्र घडवणारे आणि घासणारेही पंथात आले. शिकलीगर शीख आपले नाते या गुरूंच्या सेवेशी जोडतात. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंग नांदेडला गोदावरीकाठी निवर्तले आणि नांदेड शिखांचे तख्त झाले. दिवाळीच्या सुमारास तिथे तख्तस्नान होते, तेव्हा जपून ठेवलेली जुनी शस्त्रे बाहेर काढून स्वच्छ करतात. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत किल्ल्या बनवणारा, कुलपे दुरुस्त करणारा, कढया-बादल्या ठोकणारा जो पगडीवाला कारागीर आपल्याला भेटतो, तो पुष्कळदा शिकलीगर असतो. मध्यप्रदेशात खरगोन, बडवानी, बुऱ्हाणपूरकडे त्यांच्या वस्त्या आहेत. राजस्थान, गुजरात, बिहारकडे हिंदू शिकलीगरही आहेत. काम एकच, पण एक घर मशिदीत गेले, दुसरे गुरुद्वारात, तिसरे देवळात.

हे सगळे एकाच रक्ताचे आहेत, असे आम्ही म्हणत नाही. तसा दावा करण्याची गरजही नाही. जिथे तलवार होती तिथे हे काम होते, आणि जिथे हे काम होते तिथे हे नाव पडले.

पुढे तलवारच गेली. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, 1848 मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी गावोगावची हत्यारे काढून घेतली आणि 1878 च्या हत्यार कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवला. योगायोग पाहा, त्याच वर्षी दौंड-मनमाड गाडी सुरू झाली. एकीकडे नवी वाट उघडत होती, दुसरीकडे एका अख्ख्या कारागीर जमातीची वाट बंद होत होती. काल जे काम दरबारी होते, ते आज संशयाचे झाले. काही घरे कात्री, विळा, सुऱ्यांना धार लावू लागली. सायकलवर चाक बसवून गल्लोगल्ली "धार लावाऽऽ" ओरडणारा माणूस आपण पाहिला आहे. काही घरे चोरून हत्यारे घडवू लागली आणि त्यांच्यापायी सगळ्या बिरादरीच्या माथी शिक्का बसला. कुठे गावठी कट्टा सापडला की आजही पहिली नजर शिकलीगरांच्या वस्तीकडे वळते.

पण एक वाट फार सुंदर निघाली, ती मिरजेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे फरीदसाहेब नावाचे शिकलगार होते. हत्यारांचे काम आटत चालले होते. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान, गाण्याचा शौक असलेले गाव. दुरुस्तीला आलेली तंतुवाद्ये उघडता उघडता फरीदसाहेबांनी नवी वाद्ये घडवायला घेतली. तिथून मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याची परंपरा सुरू झाली. पंढरपूरकडचा कडू भोपळा, तुणीचे लाकूड आणि हाताला ठाऊक असलेला तोच हलका दाब. तानपुऱ्याची जवारी लावताना घोडीचा माथा केसभर घासावा लागतो. जास्त घासला की सूर मरतो. तलवारीच्या धारेचा हिशोब वेगळा नव्हता. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. 1937 मध्ये त्यांचा इंतकाल झाला आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ते दफन आहेत. उरुसात तिथे आजही गाणे होते. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या घराण्यांचे आडनाव मात्र शिकलगार राहिले नाही, सितारमेकर झाले. कामाने दिलेले नाव कामानेच बदलले.

इथेच आमच्या मोहल्ल्यातल्या त्या मुलाचा पेच आहे. महाराष्ट्राच्या भटक्या जमाती 'ब' यादीत शिकलगार आहे. पण दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा लागतो. आपल्या बापजाद्यांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात काय आहे? बहुतेकांच्या 'मुसलमान'. मास्तरांनी विचारले नाही, बापाने सांगितले नाही. कुणी शिकलगार टाकून शेख लावले, कुणी पोलिसांच्या कटकटीला कंटाळून गावाचे नाव लावले. आज नातू जेव्हा यादीत आपले नाव शोधतो, तेव्हा आजोबांनी पुसलेला शब्दच त्याला हवा असतो.

त्या मुलाला दाखला मिळाला. सांगलीकडच्या खेड्यातल्या जुन्या कोतवाल बुकात पणजोबांच्या मयताची नोंद निघाली. नावापुढे धंदा लिहिला होता, 'शिकलगारी'. त्या अनोळखी कोतवालाला आम्ही मनोमन दुवा दिली.

सूफी बुजुर्ग दिलाला आरसा म्हणतात. त्यावर गंज चढतो आणि जिक्र ही त्याची सैकल, असे ते सांगत आले. जुन्या काळी आरसे पोलादाचे असत, म्हणून ही उपमा त्यांना सुचली. म्हणजे शिकलगाराचे काम खानकाहीतही पोचले होते. ज्या शब्दाची आमच्या कचेऱ्यांत उलटतपासणी होते, त्याची अशी इज्जत होती.

वाचकहो, तुमच्या घरात जुनी पेटी असेल, वडिलांच्या शाळेचा दाखला असेल, आजोबांच्या जमिनीचा किंवा मयताचा कागद असेल, तर एकदा काढून पाहा. नावापुढे जो धंदा लिहिला असेल तो पुसू नका, आणि मुलांना सांगा. परवा मनमाड स्टेशनाबाहेर किल्ल्या करणाऱ्या एका सरदारजींना आम्ही विचारले, "शिकलीगर का?" त्यांनी आधी घाबरून आमच्याकडे पाहिले. आम्ही शेजारच्या शिकलगारांची, मिरजेच्या तानपुऱ्याची गोष्ट सांगितली. कानस बाजूला ठेवून ते म्हणाले, "म्हणजे ते आमच्याच कामाचे."

किल्लीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. आम्हीही फार आग्रह केला नाही.