सोशल मीडियाच्या काळात पत्रकाराचं काम : बदलापूरचा अनुभव

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार. सकाळी बदलापूर पूर्वेला एका शाळेच्या फाटकासमोर पालक जमले. शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला होता आणि तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनी आई-वडिलांना तासन् तास ताटकळत ठेवलं, हे तोवर शहरभर झालं होतं. ‘बदलापूर बंद’ची हाक आदल्या दिवसापासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांतून फिरत होती. थोड्याच वेळात गर्दी स्टेशनात शिरली, रुळांवर उतरली आणि साधारण दहा तास लोकल थांबली. लांब पल्ल्याच्या गाड्या कर्जत-पनवेल मार्गाने वळवाव्या लागल्या. शिरगाव, कात्रप, खरवईत घरी बसलेल्यांनीही हे सगळं जवळपास त्याच क्षणी पाहिलं, कारण गर्दीतल्या प्रत्येक तिसऱ्या हातात फोन होता.

त्या दिवशी बदलापुरात पत्रकार नव्हते असं नाही. उलट स्थानिक वार्ताहरांनी पोलीस ठाणं, शाळा आणि पालक यांचा पाठपुरावा आधीच सुरू केला होता. पण ‘काय घडलं’ हे लोकांना पहिल्यांदा सांगण्याचं काम त्यांच्या हातून गेलं होतं. ते काम गर्दीने स्वतःकडे घेतलं. मग पत्रकाराला काय उरलं?

पुराचे दोन जुलै

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जाऊ. २६ जुलै २००५ च्या पावसात उल्हास नदीकाठची वस्ती पाण्याखाली गेली, तेव्हा ट्विटर जन्मलं नव्हतं आणि व्हॉट्सअ‍ॅप यायला चार वर्षं होती. फोन बंद, वीज नाही. कुणाच्या घरात किती पाणी आहे हे बाहेरच्या नातेवाइकांना कळायला एक-दोन दिवस लागले. वार्ताहर पाण्यातून वाट काढत गेला की बातमी, नाहीतर नाही.

चौदा वर्षांनी, २७ जुलै २०१९ च्या पहाटे, मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुरात अडकली. आत सुमारे १,०५० प्रवासी, त्यात नऊ गरोदर महिला. चहूकडे पाणी, कुठला वार्ताहर तिथे पोहोचणार? पहिली दृश्यं प्रवाशांच्याच फोनवरून आली: खिडकीतून दिसणारं पाणी, अंधारलेला डबा, प्यायला पाणी नाही म्हणून मदतीची हाक. एनडीआरएफच्या बोटी, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी दुपारपर्यंत सगळ्यांना बाहेर काढलं. त्या वेळी मात्र पत्रकाराचं एक वेगळं काम पुढे आलं. घाबरलेल्या व्हिडिओंच्या सोबतीला रेल्वेची सूचना पोहोचवायची होती की डबा सोडून पाण्यात उतरू नका, गाडीतच थांबा. व्हिडिओने संकट दाखवलं, पण त्या क्षणी काय करावं हे तो सांगत नव्हता.

या दोन पुरांच्या मधे काय बदललं हे वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा पाण्याच्या भावात मिळू लागला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन शहरांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच नऊ लाखांवर होती. त्यातला मोठा वर्ग रोज दोन-दोन, तीन-तीन तास लोकलमध्ये काढतो. पूर्वी त्या वेळात एक पेपर डबाभर फिरायचा. आता प्रत्येकाची मान आपापल्या स्क्रीनवर.

आधी टाकायचं की आधी तपासायचं

वार्ताहराचा दिवसही त्यासोबत बदलला. संध्याकाळी बातमी लिहून ऑफिसला पाठवायची, सकाळी छापून यायची, हा हिशोब संपला. आता घटनास्थळी पोहोचल्याबरोबर फोनवर व्हिडिओ, त्यातूनच लाइव्ह, मग वेबसाइटसाठी चार ओळी, मग रील, आणि छापील पानाची बातमी सगळ्यात शेवटी. पोलिसांची प्रेसनोट व्हॉट्सअ‍ॅपवर येते, मंत्र्याचं म्हणणं एक्सवर येतं, नगरपरिषदेची पाणीकपातीची सूचना फेसबुकवर. ऑफिस विचारतं, ‘अमक्याच्या चॅनेलवर तासापूर्वी आलं, आपल्याकडे का नाही?’ उशिराला माफी नाही. चुकीला मात्र बऱ्याचदा मिळते, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

बदलापुरात ही अडचण उघडी पडली. आंदोलन पेटलेलं असताना पीडित मुलीच्या प्रकृतीबद्दल खोटे संदेश फिरू लागले. अशी अफवा पसरवल्याबद्दल पोलिसांनी एका तरुणीवर गुन्हा दाखल केला. शहरात इंटरनेट काही काळ बंद करण्यात आलं. पण विचार करा, ती अफवा वाचणारा पालक काय करणार होता? त्याची स्वतःची मुलगी तशीच एखाद्या शाळेत जाते. तो पडताळत बसत नाही, तो ग्रुपवर टाकतो. तेवढ्या गर्दीत एखाद्याने ‘थांबा, मी हॉस्पिटलमध्ये विचारून सांगतो’ म्हणावं, यासाठीच तर पत्रकाराला पगार असतो.

ही पडताळणी कशी होते, हे वाचकांना सहसा दिसत नाही. व्हिडिओ आला की पहिला प्रश्न: हा कुणी काढला, तो स्वतः तिथे होता का? फॉरवर्ड झालेल्या फाइलमधून तारीख-वेळ आणि जागेची माहिती निघून गेलेली असते, म्हणून मूळ फाइल मागायची. मग चित्रात पाहायचं: दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी आहे, गाडीची नंबरप्लेट कुठल्या राज्याची, स्टेशनचं नाव दिसतं का, पाऊस आहे की ऊन. व्हिडिओतलं एखादं दृश्य उलट शोधाला टाकून ते आधी कधी, कुठे आलंय का ते बघायचं. शेवटी जुनाच उपाय, पोलीस ठाण्यात फोन, हॉस्पिटलला फोन आणि जागेवर जाऊन दोन माणसांशी बोलणं. यात तास जातो. कधी दिवस जातो. तेवढ्यात अफवा कल्याणपर्यंत पोहोचलेली असते.

आपल्या घरांत ही गोष्ट नवी वाटायला नको. हदीसच्या अभ्यासात मजकुराइतकंच महत्त्व सनदीला असतं. कोणी कोणाकडून ऐकलं, तो रावी कसा माणूस होता, दोघांची भेट झाली असणं शक्य होतं का, हे सगळं तपासल्याशिवाय रिवायत पुढे जात नाही. सूरह हुजुरातमध्ये तर बातमी आणणाऱ्याची बातमी पारखून घ्या, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान कराल, अशी स्पष्ट ताकीद आहे. आणि तरी खालाजानच्या फोनवरून रात्री अकरा वाजता जो मेसेज येतो, त्याची सनद एवढीच: ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’!

जे सांगायचं नाही

बदलापूर प्रकरणात पत्रकारांसमोर आणखी एक कसोटी होती, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं गेलं. पोक्सो कायद्याच्या २३ व्या कलमानुसार पीडित मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील कोणत्याही माध्यमातून उघड करता येत नाही. मुलाच्या हिताचं असेल तरच विशेष न्यायालय परवानगी देऊ शकतं. शिक्षा किमान सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. जबाबदारी एकट्या वार्ताहराची नाही, प्रकाशक आणि मालकाचीही. सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना खटल्यात ११ डिसेंबर २०१८ रोजी हे आणखी स्पष्ट केलं आणि छापील, इलेक्ट्रॉनिक माध्यमांसोबत सोशल मीडियाचाही उल्लेख केला.

यादीत ‘शाळा’ हा शब्द आहे, हे पुन्हा वाचा. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या शाळेचं नाव, फाटकाचा फोटो, पाटीचा व्हिडिओ हजारो फोनवर होता. लोकांचा राग खरा होता आणि योग्य होता. शाळेने कळवायला टाळाटाळ केली, पोलिसांनी उशीर केला, यावर मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑगस्टला स्वतःहून दखल घेऊन कडक शब्दांत सुनावलं. पण रागाच्या भरात आपण त्या मुलींभोवतीचं वर्तुळ लहान-लहान करत नेलं. शाळा कळली, वर्ग कळला, की गल्ली कळायला किती वेळ? या लेखात शाळेचं नाव नाही ते म्हणूनच.

कठुआच्या वेळीही हेच झालं होतं. बकरवाल समाजातल्या त्या आठ वर्षांच्या मुलीचं नाव आणि फोटो न्याय मागणाऱ्यांनीच देशभर फिरवला. आपल्यापैकी अनेकांच्या डीपीवर तो होता. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ओळख उघड करणाऱ्या बारा माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये पीडित भरपाई निधीत भरायला लावले. फोनवाल्यांना कुणी विचारलं नाही, पण कायदा त्यांनाही तोच आहे.

रेल्वेतला व्हिडिओ

म्हणून सोशल मीडिया वाईट, असं कुणी म्हणत असेल तर त्यांनी बदलापूरनंतर आठच दिवसांनी याच मध्य रेल्वेवर काय झालं ते आठवावं. २८ ऑगस्ट २०२४ ला जळगाव जिल्ह्यातले एक बहात्तर वर्षांचे बुजुर्ग धुळे एक्स्प्रेसने कल्याणला लेकीकडे निघाले होते. सोबत मांस होतं. गोमांसाच्या संशयावरून काही तरुणांनी इगतपुरीच्या आसपास त्यांना घेरलं, शिव्या दिल्या, मारलं. आणि ते सगळं त्या टोळक्यानेच फोनवर चित्रित केलं. त्या डब्यात वार्ताहर नव्हता. व्हिडिओ पसरला नसता तर हे प्रकरण कदाचित त्या डब्यातच संपलं असतं. व्हिडिओ पसरल्यावर ठाणे रेल्वे पोलिसांनी ३१ ऑगस्टला गुन्हा दाखल केला, पुढे अटका झाल्या.

पण त्याच लाटेवर दुसरी बातमी आली: अपमान सहन न होऊन त्यांनी आत्महत्या केली. आपल्या ग्रुपांत तर ‘इन्ना लिल्लाहि’ लिहूनही झालं! ती खोटी होती. ते हयात होते. पोलिसांना तसं जाहीर करावं लागलं. म्हणजे ज्या साधनाने एका म्हाताऱ्या माणसाला न्यायाच्या दारापर्यंत नेलं, त्यानेच दोन दिवसांत त्याला मारूनही टाकलं. या दोन्हींच्या मधे उभं राहून ‘पहिला व्हिडिओ खरा, दुसरा मेसेज खोटा’ असं सांगणारं कुणीतरी लागतं.

आणि पत्रकारच घाईत वाहून गेला तर काय होतं, ते आपण २०२० मध्ये भोगलंय. तबलीगी जमातीच्या नावाने फिरणारे जुने, भलत्याच ठिकाणचे व्हिडिओ काही वाहिन्यांनी जसेच्या तसे चालवले. मोहल्ल्यातल्या भाजीवाल्याला गिऱ्हाईक मिळेना. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० ला परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं आणि माध्यमांतल्या प्रचारावरही बोट ठेवलं. निकालाची बातमी मात्र आधीच्या व्हिडिओंच्या शंभराव्या हिश्शाइतकीही फिरली नाही.

कायदा कुणाच्या बाजूला

बदलापुरात एका दैनिकाच्या महिला पत्रकाराला वार्तांकन करताना एका माजी नगराध्यक्षाने अत्यंत अश्लाघ्य शब्द वापरल्याची तक्रार झाली, गुन्हा नोंदला गेला. त्याने आरोप नाकारला. पत्रकारांवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला, देशात पहिला. पण त्याची व्याख्या अशा माणसाला धरून आहे ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो एखाद्या माध्यमसंस्थेत नियमित किंवा कराराने काम करतो. गावोगावी बूम घेऊन फिरणारे एकटे यूट्यूबवाले यात सहज बसत नाहीत. त्यातले काही बिनधास्त खंडणी मागतात, हेही खरं. काही मात्र मोठ्या पेपरांनी सोडून दिलेले विषय, कचऱ्याचे ढीग, कंपन्यांचं सांडपाणी, अनधिकृत इमारती, नेटाने लावून धरतात. दोघांना एकाच पिशवीत घालणं बरोबर नाही.

ग्रुप अ‍ॅडमिन असलेल्या वाचकांसाठी एक माहिती. नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलंय की समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी अ‍ॅडमिनला केवळ अ‍ॅडमिन म्हणून दोषी धरता येत नाही. पोस्ट करणारा मात्र सुटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या ३५३ व्या कलमाखाली भीती किंवा तेढ पसरवणाऱ्या खोट्या माहितीसाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

तुमच्या डोळ्यांसमोर काही घडलं आणि तुम्ही व्हिडिओ काढला, तर ग्रुपवर टाकण्याआधी ओळखीच्या वार्ताहराला द्या. गॅलरीतून साधा नाही, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल शाबूत राहते. सोबत जागा, वेळ आणि तुम्ही कुठे उभे होता ते लिहा. तुमचं नाव छापायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. आणि प्रकरण लहान मुलाचं असेल तर व्हिडिओ कुणालाच फॉरवर्ड करू नका, पत्रकारालाही नाही. थेट १०९८ किंवा ११२ ला फोन करा.