पुढच्या हाती दिलेली लेखणी

लेखन हे एकांताचे काम आहे, असे म्हणण्याचा प्रघात आहे. मराठीत लिहिणाऱ्या ख्रिस्ती लेखकाला हा एकांत दुहेरी जाणवतो. मराठी सारस्वताच्या मोठ्या सभेत तो संख्येने थोडा, आणि स्वतःच्या समाजात त्याला वाचक थोडे. अशा वेळी आपल्या आधी या वाटेने कोण गेले आणि त्यांना कोणाची सोबत होती, हे पाहणे उद्बोधक ठरते. त्यासाठी चारशे वर्षांपूर्वीच्या गोव्यातील सासष्टीत जावे लागेल.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव घेतले की परभाषेत महाकाव्य रचणारा एकटा इंग्रज धर्मगुरू आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. पण त्यांच्या आयुष्यात प्रारंभापासून सोबत्यांची रांग दिसते. इंग्लंडात कॅथलिक श्रद्धा पाळणे संकटाचे झाले होते, त्या दिवसांत थॉमस पौंड या मित्रासह रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचा त्यांचा बेत होता. पौंड पकडले गेले आणि आयुष्याची सुमारे तीस वर्षे त्यांनी तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली संघात दाखल झाले. परंतु मित्राला ते विसरले नाहीत. १५७८ साली पौंड यांच्या बंदिवासाची हकीकत लिहून त्यांनी ती संघश्रेष्ठींपुढे ठेवली, आणि तुरुंगातील त्या मित्राला संघात प्रवेश मिळाला. समोर नसलेल्या सोबत्यासाठी लेखणी उचलण्याचा हा धडा त्यांनी भारतात येण्यापूर्वीच गिरवला होता.

२४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास उतरले आणि पुढील जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः सासष्टीत घालविली. तो काळ सुखाचा नव्हता. देवळे पाडली गेल्यामुळे प्रक्षुब्ध झालेल्या कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी १५८३ च्या जुलैत फादर रुडॉल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांना ठार मारले. पोर्तुगीज सत्तेने त्याचा सूडही क्रूरपणे घेतला. मृत बांधवांचे देह मिळवून त्यांना मूठमाती देण्याच्या कामी स्टीफन्स होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी आपला भाऊ रिचर्ड याला पत्र लिहिले. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण त्या पत्रात आहे. ज्या भूमीत आपले बांधव नुकतेच मारले गेले, तिच्या भाषेकडे हा मनुष्य द्वेषाने नव्हे, तर कौतुकाने पाहत होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

'ख्रिस्तपुराणा'ची प्रेरणाही त्यांना एकांतात झालेली नाही. काव्याच्या प्रारंभीच एक नवख्रिस्ती पाद्रींना विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे बंद झाली, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही? एका वाचकाच्या या मागणीतून ९५ अवस्वरांचा आणि १०,९६२ ओव्यांचा ग्रंथ उभा राहिला. तो नागरी लिपीत छापावा, अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोमला लिहिलेल्या पत्रात एतद्देशीय अक्षरांचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली आणि त्यासाठी सुमारे सहाशे साचे लागतील, हेही कळविले. ते झाले नाही. १६१६ साली राशोल येथे ग्रंथ निघाला तो रोमन लिपीत.

१६१९ साली स्टीफन्स निवर्तले. त्यांची कोकणी प्रश्नोत्तरी आणि त्याच भाषेचे व्याकरण अद्याप छापले गेले नव्हते. येथून पुढची हकीकत मला सर्वांत मोलाची वाटते. प्रश्नोत्तरी १६२२ साली प्रसिद्ध झाली. व्याकरण १६४० साली राशोलच्या विद्यालयात छापले गेले. त्याच्या मुखपृष्ठावर स्टीफन्स यांचे नाव आहेच. शिवाय फादर दिओगो रिबेरो यांनी त्यात भर घातल्याचे आणि संघाच्या अन्य चार धर्मगुरूंनी ते तपासून शुद्ध केल्याचेही नमूद आहे. त्या चौघांची नावे मात्र तेथे नाहीत. दुसऱ्याच्या पुस्तकासाठी श्रम करून अनाम राहणे ज्यांना जमले, त्यांनीच ते पुस्तक आपल्यापर्यंत पोहोचविले.

काव्याची वाटही ओस पडली नाही. फ्रेंच येशूसंघीय एतिएन द ला क्रुआ यांनी १६२९ साली संत पीटरच्या जीवनावरील मराठी ओवीबद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील परधर्मखंडनाचा सूर आज आपल्याला रुचत नाही. परंतु त्यांचा मराठीचा व्यासंग नाकारता येत नाही. १६५५ साली आंतोनियो द साल्दान्य यांचे संत अंतोनींचे चरित्र आले. इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज अशी ही भिन्न देशांची माणसे एका प्रांतातील लोकांच्या वाणीत लिहू लागली, ती एकमेकांनी घातलेल्या पायवाटेमुळेच.

'ख्रिस्तपुराणा'च्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी एकाही आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली तर व्हाइसरॉयने फर्मान काढले की, तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. तरीही ग्रंथ जगला, कारण ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती केल्या. गोवा सोडून कॅनरा प्रांतात गेलेल्यांनी त्या प्रती सोबत नेल्या. त्यांच्याच आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला. पुढे शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली आणि फादर कारिदाद द्रागो यांनी १९९६ साली तो नागरी लिपीत आणला. स्टीफन्स यांची १६०८ सालची इच्छा अशी साडेतीन शतकांनी, त्यांना कधीही न भेटलेल्या सोबत्यांच्या हातून पूर्ण झाली.  

हीच रीत प्रॉटेस्टंट बंधुभगिनींच्या इतिहासातही दिसते. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांच्या 'ख्रिस्तायना'चे सुमारे दहाच अध्याय झाले होते. ज्यांचे रीतसर शालेय शिक्षण झाले नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी उरलेले बहुतेक काव्य रचले. १९३६ साली त्याही गेल्या, आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. पतीची लेखणी उचलण्यास आपण योग्य आहोत का, या प्रश्नापाशी त्या थबकल्या असत्या, तर मराठीला तो ग्रंथ मिळालाच नसता.

संमेलने व्हावीत, कविमंडळे भरावीत. त्यांतून उमेद मिळते, यात संशय नाही. पण साहित्यिकांची खरी सहभागिता टाळ्यांत नसून, दुसऱ्याचे अपुरे काम आपले मानण्यात आहे. नवशिक्याचे हस्तलिखित मन लावून तपासणे, जुन्या लेखकाचे दुर्मीळ पुस्तक पुन्हा छापून घेणे, धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांच्या वह्यांतील गीते उतरवून ठेवणे, ही कामे राशोलच्या त्या चार अनाम धर्मगुरूंच्या जातकुळीची आहेत. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेच आहे की, एकाने लावावे, दुसऱ्याने पाणी घालावे आणि वाढ देवाने द्यावी. आपल्यापैकी प्रत्येकाला लावण्याचे भाग्य लाभेलच असे नाही. पाणी घालण्याचे काम मात्र आज कोणाच्याही हातचे आहे.